विकेंद्रित संदेश ॲप: वापरातील अडथळे, खर्चाचा प्रश्न आणि छत्तीसगडचा अनुभव

भिलाई, छत्तीसगड

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींतून येते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभा राहिलेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झालेला हा प्रकल्प देशाच्या सर्व प्रांतांतील कामगारांना येथे घेऊन आला. आज या नगरीत वेगवान इंटरनेट आहे, भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि मराठीसह अनेक भाषक समाजांची कुटुंबे मोबाइलवरील गटांमधून आपापल्या मूळ गावांशी जोडलेली आहेत. मात्र याच खाणपट्ट्याच्या दक्षिणेस, कांकेर आणि नारायणपूरच्या अंतर्भागातील अनेक गावांना कित्येक वर्षे मोबाइल मनोऱ्याची प्रतीक्षा करावी लागली.

या दोन्ही ठिकाणच्या लोकांचा प्रश्न वरकरणी भिन्न दिसतो. शहरातील कुटुंबाचा सारा संवाद एका खासगी कंपनीच्या सेवेवर अवलंबून असतो, तर वनातील गावाला मुळात सेवाच मिळत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. संवादाची यंत्रणा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असते आणि ती केव्हा सुरू राहील, केव्हा बंद पडेल, याचा निर्णय वापरणाऱ्यांच्या हाती नसतो. यावर उपाय म्हणून गेल्या दोन दशकांत ‘विकेंद्रित’ संदेशसेवा आणि समाजमाध्यमे पुढे आली. ती सर्वसामान्यांपर्यंत का पोहोचली नाहीत, त्यांचा खर्च कसा चालतो आणि छत्तीसगडमध्येच झालेल्या एका प्रयोगातून काय शिकता येते, याची ही माहिती.

विकेंद्रित म्हणजे नेमके काय?

व्हॉट्सॲप, फेसबुक किंवा एक्स यांसारख्या सेवांमध्ये सर्व वापरकर्त्यांची खाती एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असतात. नियम तीच ठरवते, ॲप तीच तयार करते आणि खाते बंद करण्याचा अधिकारही तिचाच असतो. विकेंद्रित सेवांमध्ये ही कामे अनेकांत विभागली जातात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार संघीय सेवांचा. ई-मेल हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ई-मेलवर पत्र पाठवता येते, कारण दोघांचे सर्व्हर एकच सामाईक नियमावली पाळतात. १९९९ मध्ये सुरू झालेले ‘जॅबर’, जे पुढे एक्सएमपीपी या नावाने ओळखले जाऊ लागले, २०१४ मध्ये आलेले ‘मॅट्रिक्स’ आणि २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी सुरू केलेले ‘मास्टोडॉन’ ही या प्रकारची उदाहरणे आहेत.

दुसऱ्या प्रकारात वापरकर्त्याची ओळख एखाद्या सर्व्हरशी बांधलेली नसते. ती सोबत घेऊन सेवा बदलता येईल अशी रचना असते. ‘नॉस्टर’ या पद्धतीत वापरकर्त्याकडे एक गुप्त संकेतकळ असते आणि तीच त्याची ओळख ठरते. ट्विटरमधील एक प्रकल्प म्हणून २०१९ मध्ये घोषित झालेले आणि फेब्रुवारी २०२४ पासून सर्वांसाठी खुले झालेले ‘ब्ल्यूस्काय’ हेदेखील खाते स्थलांतरित करता यावे या तत्त्वावर बेतलेले आहे. प्रत्यक्षात मात्र त्याचे बहुसंख्य वापरकर्ते अजूनही एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत.

तिसऱ्या प्रकारात सर्व्हरची गरजच नसते. संदेश एका मोबाइलमधून थेट दुसऱ्या मोबाइलमध्ये जातो. ब्लूटूथ किंवा वाय-फायच्या आधारे चालणारी ‘ब्रायर’, ‘ब्रिजफाय’ आणि जॅक डॉर्सी यांनी जुलै २०२५ मध्ये सादर केलेले ‘बिटचॅट’ ही ॲप या गटात मोडतात.

एकाच केंद्रावर विसंबण्याची किंमत

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या आवडीचा नाही. भारतातील अनेक समूहांनी त्याचा अनुभव घेतला आहे. ‘ऑर्कुट’ हे एके काळी देशातील तरुणांचे आवडते संकेतस्थळ होते. गूगलने ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. हजारो संस्था, साहित्यिक मंडळे आणि चळवळींची चर्चा जेथे चालत असे, ती ‘याहू ग्रुप्स’ ही सेवा डिसेंबर २०२० मध्ये संपुष्टात आली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय देणारे ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झाले. प्रत्येक वेळी सेवेबरोबर तेथील परस्परांची ओळख, जुनी चर्चा आणि छायाचित्रे यांचाही मोठा भाग नाहीसा झाला.

सेवा सुरू असतानाही तिच्या अटी बदलू शकतात. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयता धोरणातील बदल स्वीकारण्यास सांगितले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. या धोरणाबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. दरम्यान २०२१ मध्ये ज्यांनी दुसरे ॲप घेतले, त्यांपैकी बहुतेकांनी व्हॉट्सॲपही कायम ठेवले, कारण नातेवाईक, शाळा, दुकानदार आणि कार्यालय सारे तेथेच होते.

याशिवाय इंटरनेट खंडित होण्याचा प्रश्न आहे. ‘ॲक्सेस नाऊ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोंदीनुसार भारतात २०२३ मध्ये ११६ वेळा, तर २०२४ मध्ये ८४ वेळा इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. अशा वेळी सर्व्हरवर चालणारी सेवा, मग ती केंद्रित असो वा संघीय, निरुपयोगी ठरते.

छत्तीसगडचा प्रयोग: सीजीनेट स्वर आणि बुल्टू रेडिओ

मध्य भारतातील गोंड समाजाची भाषा असलेली गोंडी २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोक बोलतात. छत्तीसगडबरोबरच मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्रातील गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत ती बोलली जाते. या भाषकांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नाही; ज्यांना येते त्यांच्यापैकी काही देवनागरीत तर काही तेलुगू लिपीत लिहितात. अशा समाजाला टंकलेखनावर आधारलेले कोणतेही ॲप परके वाटणार, हे उघड आहे.

बीबीसीमध्ये काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २००४ च्या सुमारास ‘सीजीनेट’ हा चर्चागट याहूच्या सेवेवर सुरू केला होता. त्यात शिकलेले आणि इंटरनेट असलेले लोकच सहभागी होऊ शकतात, ही त्याची मर्यादा लवकरच लक्षात आली. त्यातून फेब्रुवारी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ ही ध्वनिसेवा सुरू झाली. तिच्या उभारणीत मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामधील संशोधक बिल थीस यांचा महत्त्वाचा वाटा होता.

या सेवेची रचना अत्यंत साधी होती. साध्या मोबाइलवरून एका क्रमांकावर संपर्क साधायचा. संदेश ध्वनिमुद्रित करण्यासाठी १ आणि इतरांचे संदेश ऐकण्यासाठी २ हे आकडे दाबायचे. पुढे केवळ ‘मिस्ड कॉल’ द्यावा आणि यंत्रणेनेच उलट दूरध्वनी करावा अशी सोय झाली, त्यामुळे बोलणाऱ्याला खर्च उरला नाही. आलेला संदेश संपादक ऐकत, त्याची शहानिशा करत आणि मगच तो सर्वांसाठी खुला होई. रोजगार हमीची थकलेली मजुरी, नादुरुस्त हातपंप, शाळेत न येणारे शिक्षक, रेशनचे धान्य अशा विषयांवरील तक्रारी त्यात येत. संदेशाच्या अखेरीस संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक सांगितला जाई आणि ऐकणाऱ्यांनी त्याला विचारणा करावी असे आवाहन केले जाई. पहिल्या दोन वर्षांच्या आतच या सेवेवर ७० हजारांहून अधिक दूरध्वनी आले आणि सुमारे १,१०० संदेश प्रसारित झाले. २०१४ मध्ये चौधरी यांना ‘इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप’ या संस्थेचा डिजिटल विभागातील पुरस्कार मिळाला.

तांत्रिकदृष्ट्या पाहता सीजीनेट स्वर ही विकेंद्रित सेवा नव्हती. क्रमांक एक होता, सर्व्हर एक होता आणि ज्या गावात मनोराच नाही तेथून तिच्याशी संपर्क साधता येत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘बुल्टू रेडिओ’ पुढे आला. ब्लूटूथ या शब्दाचा गावातील उच्चार म्हणजे बुल्टू. येथील तरुण आठवडी बाजारात एकमेकांच्या मोबाइलमध्ये गाणी आणि चित्रफिती ब्लूटूथने घेत-देत असत. त्याच सवयीचा उपयोग करण्यात आला. निवडक संदेशांचा एक कार्यक्रम तयार करायचा, ग्रामपंचायतीसारख्या इंटरनेट असलेल्या ठिकाणी एखाद्याने तो उतरवून घ्यायचा आणि पुढे मोबाइलमधून मोबाइलमध्ये, गावातून गावात तो पोहोचवायचा. इंटरनेटही नको आणि मनोराही नको, अशी ही योजना होती.

या प्रयोगातील तीन बाबी उल्लेखनीय आहेत. एक, वापरणाऱ्याला नवे काही शिकावे लागले नाही. मिस्ड कॉल आणि ब्लूटूथ दोन्ही त्याच्या परिचयाचे होते. दोन, कोणाचे खाते, कोणता सर्व्हर, कोणता परवलीचा शब्द असे प्रश्न त्याच्यापुढे आले नाहीत. तीन, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा ती व्यक्ती गावातली, ओळखीची होती. अर्थात मर्यादाही होत्या. बुल्टूने गेलेला कार्यक्रम ताजा नसे, उत्तर परत येण्यास वेळ लागे आणि वाटेत ध्वनिफितीत कोणी बदल केला नाही ना, हे तपासण्याची तांत्रिक सोय नव्हती.

काम नाहीसे होत नाही, ते दुसऱ्यावर येते

जगभरातील विकेंद्रित सेवांकडे या अनुभवातून पाहिले, तर त्यांची मुख्य अडचण स्पष्ट होते. केंद्रीय कंपनी जी कामे करते, म्हणजे पत्ता देणे, ओळख पटवणे, परवलीचा शब्द हरवल्यास मदत करणे, उपद्रवी मजकूर काढणे, सर्व्हर चालू ठेवणे, ती कामे कंपनी हटवल्याने नाहीशी होत नाहीत. ती कोणीतरी करावीच लागतात. बहुतेक ॲपमध्ये त्यांतील बरीचशी थेट वापरकर्त्यावर येऊन पडतात.

पहिली पायरी नोंदणीची. व्हॉट्सॲपला मोबाइल क्रमांक पुरतो. मास्टोडॉन किंवा मॅट्रिक्सवर आधी कोणत्या सर्व्हरवर खाते उघडायचे, हे ठरवावे लागते. तो सर्व्हर कोण चालवतो, त्याचे नियम काय आणि तो दोन वर्षांनी सुरू असेल काय, हे नवख्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. आता या सेवा एखादा सर्व्हर आपणहून सुचवतात. त्यामुळे नोंदणी सोपी होते, मात्र बहुतेक लोक त्याच एका सर्व्हरवर गोळा होतात आणि विकेंद्रीकरणाचा हेतू काही प्रमाणात बाजूला पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅट्रिक्सचा सर्वांत मोठा सार्वजनिक सर्व्हर तांत्रिक बिघाडामुळे सुमारे दिवसभर बंद होता. त्या काळात इतर सर्व्हर सुरू राहिले, हा या रचनेचा लाभ. परंतु त्या एकाच सर्व्हरवर खाते असलेल्यांची अडचण केंद्रित सेवेच्या ग्राहकांसारखीच होती.

दुसरी अडचण ओळखीची माणसे शोधण्याची. मोबाइल क्रमांकावर चालणाऱ्या ॲपमध्ये आपल्या यादीतील कोण तेथे आहे, हे लगेच दिसते. विकेंद्रित सेवेत समोरच्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे नाव आणि सर्व्हर दोन्ही, विचारून घ्यावा लागतो. क्रमांक न मागणे ही गोपनीयतेच्या दृष्टीने चांगली बाब आहे. मात्र भिलाईतील एखाद्या आजीला नागपूरच्या भाचीशी बोलायचे असेल, तर हा पत्ता मिळवणे हाच तिच्यासाठी अडसर ठरतो.

तिसरी अडचण संकेतकळीची. संदेश केवळ पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता यावेत, यासाठी किल्ल्या वापरकर्त्याच्या मोबाइलमध्येच ठेवल्या जातात. मोबाइल हरवला आणि किल्लीची प्रत ठेवलेली नसेल, तर जुने संदेश परत मिळत नाहीत. मॅट्रिक्सवरील ॲपमध्ये संदेशाच्या जागी तो उलगडता येत नसल्याची सूचना दिसणे, ही दीर्घकाळ नेहमीची तक्रार होती. नॉस्टरमध्ये तर साठहून अधिक अक्षरांची गुप्त कळ हीच ओळख असते. ती हरवली तर नवी मिळत नाही आणि चोरीला गेली तर रद्दही करता येत नाही. बँकेच्या शाखेत जाऊन नवे पासबुक मागण्याची सवय असलेल्या समाजाला ‘येथे विचारायला कोणी नाही’ हे पचनी पडणे कठीण आहे.

चौथी अडचण मोबाइलच्या क्षमतेची. थेट मोबाइल ते मोबाइल चालणाऱ्या ॲपना सतत जागे राहावे लागते, त्यामुळे बॅटरी लवकर संपते. अनेक स्वस्त अँड्रॉइड मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी अशी ॲप आपोआप बंद करतात आणि संदेश पोहोचत नाहीत. ब्रायरमध्ये मुळात दोन्ही मोबाइल एकाच वेळी जोडलेले असणे आवश्यक होते. नंतर संदेश साठवून ठेवणारी ‘मेलबॉक्स’ ही जोडसोय आली, पण त्यासाठी एक वेगळा मोबाइल सतत सुरू ठेवावा लागतो. ब्लूटूथचा पल्ला काही मीटरचाच असतो. गर्दीत संदेश एका मोबाइलवरून दुसऱ्यावर उड्या मारत पुढे जातो. विरळ वस्तीत तो पोहोचवायला माणसालाच चालत जावे लागते. बुल्टूने नेमके हेच गृहीत धरले होते.

सुरक्षिततेचे दावेही तपासून घ्यावे लागतात. हाँगकाँगमध्ये आंदोलकांनी वापरलेल्या ब्रिजफायमध्ये २०२० साली लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांना गंभीर त्रुटी आढळल्या. बिटचॅट सादर झाल्यानंतर काही दिवसांतच दुसऱ्याच्या नावाने वावरता येईल असा दोष दाखवून देण्यात आला आणि बाहेरील तज्ज्ञांकडून तपासणी झालेली नसल्याची सूचना डॉर्सी यांना जोडावी लागली. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधील आंदोलनाच्या काळात हे ॲप घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. निकडीच्या वेळी लोक सोय पाहतात, तपासणीचा अहवाल नव्हे.

आलेले परत का जातात?

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आल्यानंतर अनेक भारतीयांनी निषेध म्हणून मास्टोडॉनवर खाती उघडली. काही दिवस तेथे भारतीय चर्चा रंगली. मात्र थोड्याच काळात बहुतेक जण परतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतल्यावर हेच मोठ्या प्रमाणावर घडले. डिसेंबर २०२२ मध्ये मास्टोडॉनच्या मासिक सक्रिय वापरकर्त्यांची संख्या २५ लाखांच्या आसपास पोहोचली आणि जानेवारी २०२३ च्या आरंभी ती १८ लाखांच्या घरात आली.

यामागचे कारण केवळ अवघडपणा नाही. संवादाच्या साधनाचे मूल्य त्यावर असलेल्या माणसांवर ठरते. एकट्याने स्थलांतर करून उपयोग नसतो, संपूर्ण गट एकदम हलावा लागतो. वाड्यातील सारी बिऱ्हाडे उठल्याशिवाय अंगणातील गप्पा दुसरीकडे जात नाहीत, तसाच हा प्रकार आहे. सीजीनेट स्वरला मात्र कोणालाही दुसऱ्या ठिकाणाहून हलवावे लागले नाही. ज्यांच्यासाठी दुसरे ठिकाणच नव्हते त्यांच्यासाठी ती सेवा होती. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट्रिक्सवर आधारित ‘चॅप’ सेवा सुरू केली, तीही टिकली. तेथे संपूर्ण गटाचा निर्णय एकाच वेळी झाला आणि देखभालीची जबाबदारी निश्चित होती.

खर्च कोणी उचलायचा?

व्यवसायाच्या अंगाने पाहिल्यास प्रश्न आणखी कठीण होतो. मोफत वाटणाऱ्या सेवेचा खर्च किती असतो, याची कल्पना ‘सिग्नल’च्या आकडेवारीवरून येते. सिग्नल ही केंद्रित परंतु ना-नफा सेवा आहे. २०२५ पर्यंत वार्षिक खर्च सुमारे ५ कोटी डॉलरवर जाईल, असा अंदाज तिने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. त्यात केवळ नोंदणीच्या वेळी पाठवल्या जाणाऱ्या एसएमएससाठीच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर लागत होते.

विकेंद्रित सेवेत हा खर्च विभागला जातो, पण एकूण खर्च कमी होतोच असे नाही. एका छायाचित्राची प्रत अनेक सर्व्हरवर साठवली जाते. प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र देखभाल, स्वतंत्र संपादक आणि स्वतंत्र कायदेशीर सल्ला लागतो. जाहिराती दाखवण्यासाठी लागणारी माहिती एका ठिकाणी जमा होत नाही आणि ग्राहक केव्हाही दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकत असल्याने गुंतवणूकदार हात आखडता घेतात. ग्राहकाला बांधून ठेवता न येणे ही वापरणाऱ्याच्या दृष्टीने सोय असते, तर गुंतवणूकदाराच्या दृष्टीने जोखीम.

परिणामी बहुतेक सेवा देणग्या, अनुदाने आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात. मास्टोडॉन मुख्यतः देणग्यांवर अवलंबून आहे. २०२४ मध्ये जर्मनीत त्याच्या संस्थेची ना-नफा मान्यता काढून घेतली गेल्याने त्याला रचनेचा फेरविचार करावा लागला. मॅट्रिक्स फाउंडेशनने फेब्रुवारी २०२५ मध्ये, निधी न मिळाल्यास इतर सेवांशी जोडणारे दुवे बंद करावे लागतील, असे जाहीर केले. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिलासारख्या नामांकित संस्थेनेही आपला मास्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. ब्ल्यूस्कायने वेगळा मार्ग निवडला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दीड कोटी डॉलरची गुंतवणूक मिळवली. आता त्या गुंतवणुकीचा परतावा जाहिरातींविना कसा द्यायचा, हा प्रश्न तिच्यापुढे आहे.

सीजीनेट स्वरलाही हीच अडचण होती. मिस्ड कॉल देणाऱ्याला खर्च येत नव्हता, म्हणजे प्रत्येक उलट दूरध्वनीचा खर्च सेवेला येत होता. श्रोते वाढले की देयक वाढे. उत्पन्न मात्र वाढत नसे. त्यामुळे तिला शिष्यवृत्त्या आणि अनुदानांचा आधार घ्यावा लागला. छत्तीसगडच्या भूमीला ही कोंडी नवी नाही. मराठी मातृभाषा असलेले माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. नावलौकिक मिळवूनही आर्थिक चणचणीमुळे ते तीन वर्षांत बंद पडले. वाचकांची गरज असणे आणि वाचकांकडून खर्च निघणे या दोन भिन्न बाबी आहेत, हे तेव्हाही दिसून आले होते.

कायद्याची चौकट

भारतात माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाला अनुपालन अधिकारी, संपर्क अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकारी देशात नेमावे लागतात. संदेशसेवेला, आदेश मिळाल्यास, एखाद्या संदेशाचा मूळ प्रेषक ओळखून द्यावा लागेल अशीही तरतूद आहे. तिला व्हॉट्सॲपने न्यायालयात आव्हान दिले. ज्या सेवेला एक मालकच नाही, तिच्या बाबतीत अधिकारी कोणी नेमायचा आणि नोटीस कोणाला पाठवायची, हा पेच आहे.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ संदेश ॲपवर बंदी घातली. त्यांत मॅट्रिक्सवर चालणारे ‘एलिमेंट’ आणि ‘ब्रायर’ यांचा समावेश होता. जम्मू-काश्मीरमध्ये दहशतवादी गट ही ॲप वापरत असल्याचे आणि त्यांचे भारतात प्रतिनिधी नसल्याचे कारण त्या वेळी सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेश ॲप सक्रिय सिमकार्डाशी सतत जोडलेले असावे असे निर्देश दिले. गुन्हेगारीला आळा घालणे हा त्यामागील हेतू. मात्र मोबाइल क्रमांक न मागता चालणाऱ्या सेवांच्या मूळ रचनेशी ही अपेक्षा जुळत नाही. सुरक्षा यंत्रणांची गरज आणि नागरिकाची गोपनीयता यांतील हा तणाव नजीकच्या काळात मिटण्याची चिन्हे नाहीत.

जोडणीचा मध्यम मार्ग

सर्वांनी नवे ॲप घेण्याऐवजी आहेत त्या ॲपना एकमेकांशी बोलायला लावणे, हा दुसरा मार्ग आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्यानुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपला इतर सेवांशी जोडणीची सोय देणे बंधनकारक झाले. भारतात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहो कंपनीचे ‘अरट्टै’ ॲप एकाएकी लोकप्रिय झाले, तेव्हा कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी संदेशसेवा यूपीआय आणि ई-मेलप्रमाणे परस्परांशी जोडलेल्या असाव्यात, असे मत मांडले.

यूपीआयचे उदाहरण समजण्यास सोपे आहे. कोणत्याही बँकेचा ग्राहक कोणतेही ॲप वापरून कोणालाही पैसे पाठवू शकतो. मात्र यूपीआय ही विकेंद्रित व्यवस्था नाही, हे लक्षात घ्यावे लागते. तिच्या मध्यभागी राष्ट्रीय देयक महामंडळ आहे, नियम घालून देणारी रिझर्व्ह बँक आहे. तेथे केंद्र आहे, पण ते सामाईक आहे. जोडणी ऐच्छिक राहिली तर काय होते, याचे उदाहरण गूगलचे आहे. २००५ मध्ये आलेली ‘गूगल टॉक’ सेवा एक्सएमपीपीच्या इतर सर्व्हरशी जोडली गेली होती. २०१३ मध्ये तिची जागा घेणाऱ्या ‘हँगआउट्स’मध्ये ती सोय ठेवण्यात आली नाही आणि लहान सर्व्हरवरील लोकांचा संपर्क तुटला.

मालकीचा प्रश्न सहकाराच्या वाटेने सोडवण्याचा एक भारतीय प्रयत्नही सुरू झाला आहे. मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांच्या ‘प्राव’ या उपक्रमाचे नाव मल्याळममधील कबुतरावरून आले आहे. एक्सएमपीपीवर आधारित हे ॲप मोबाइल क्रमांकाने नोंदणी करण्याची सोय देते, जेणेकरून पहिली पायरी परिचित राहील, आणि सेवा वापरकर्त्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असावी असा त्याचा संकल्प आहे. बहुराज्य सहकारी संस्था कायद्यानुसार अशा संस्थेच्या नोंदणीसाठी प्रत्येक संबंधित राज्यातून किमान ५० व्यक्तींनी अर्ज करणे आवश्यक असते. साखर आणि दूध यांच्या सहकारी संस्था पाहिलेल्या मराठी वाचकाला या मार्गाचे बळ आणि त्यातील जोखीम दोन्ही ठाऊक आहेत.

निवड करताना लक्षात घेण्याच्या बाबी

एखादे मंडळ, शाळा, संघटना किंवा मोठे कुटुंब अशी सेवा वापरू इच्छित असेल, तर पुढील मुद्दे विचारात घेणे हितावह ठरेल.

• सर्व्हर कोण चालवतो आणि त्याचा खर्च कोठून येतो, याची माहिती जाहीर असावी. नसल्यास ती विचारून घ्यावी.

• सर्व्हर बंद पडल्यास संदेश आणि संपर्कयादी सोबत नेता येते काय, हे आधीच करून पाहावे.

• संकेतकळीची प्रत कागदावर लिहून सुरक्षित ठेवावी. गटातील ज्येष्ठांसाठी हे काम करणारी एक विश्वासू व्यक्ती नेमावी.

• स्थलांतर एकेकट्याने न करता गटाने, ठरलेल्या दिवशी करावे आणि जुनी सेवा काही काळ समांतर सुरू ठेवावी.

• संदेश इतरांना वाचता येत नाहीत, हा दावा बाहेरील तज्ज्ञांनी तपासला आहे काय, हे पाहावे.

• ते ॲप वापरण्यावर शासनाचे निर्बंध नाहीत ना, याची खातरजमा करावी.

बस्तरच्या अंतर्भागातही परिस्थिती बदलत आहे. नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ मोबाइल मनोरे २जी वरून ४जी वर नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली, आणि जेथे मनोरा पोहोचतो तेथे व्हॉट्सॲपही पोहोचते. त्यामुळे ब्लूटूथवरून ध्वनिफिती फिरवण्याची निकड कमी होईल. गोंडी बोलणाऱ्याचा आवाज कोणाच्या सर्व्हरवर साठवला जातो आणि तो तेथे किती वर्षे राहील, हा प्रश्न मात्र भिलाईइतकाच त्या गावांचाही होईल. छत्तीसगडच्या प्रयोगात पहिली पायरी मिस्ड कॉलइतकी सोपी झाली होती आणि मदतीला ओळखीचा माणूस होता. त्या मदतीचा आणि त्या दूरध्वनीचा खर्च नियमितपणे कोणी द्यायचा, याचे उत्तर तेथे मिळाले नाही. जगातील बहुतेक विकेंद्रित सेवांनाही ते अद्याप सापडलेले नाही.